चंद्राच्या खोलीतले एकशेचाळीस गणपती

चंद्रावती डंपरवाल्याबरोबर पळून गेली, ही बातमी गेल्या एप्रिलात पेणच्या आमच्या रामवाडीत भर दुपारी फुटली आणि संध्याकाळपर्यंत त्या डंपरला नंबरसुद्धा मिळाला. कोणी म्हणालं रोह्याला उतरली, कोणी म्हणालं थेट महाड गाठलं. पोरीला मागे टाकून गेली, यावर मात्र सगळ्यांचं एकमत.

बातमी खोटी होती. हे मी खात्रीने सांगते, कारण ती निघाली माझ्याच ओट्यावरून. माझा पापडांचा धंदा आहे. सकाळी दहापासून चारपर्यंत आम्ही पाच-सहा बायका ओट्यावर लाटत बसतो. हात गुंतलेले असतात, तोंड मोकळं असतं. त्या दिवशी चंद्रा रिक्षात बसताना दिसली आणि तिची पिशवी एका मिशीवाल्याने उचलून आत ठेवली. दिसलं ते एवढंच. बाकीचं मी घातलं. डंपरही माझाच.

खरं असं होतं, की तो मिशीवाला रोह्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातला शिपाई. तिला न्यायला आला होता. चंद्रा दारू सोडायला तीन महिन्यांसाठी चालली होती, आपल्या पायाने. अकरा वर्षांच्या दिपिकाला तिने शेजारच्या सायराकडे ठेवलं होतं, आणि सायराशिवाय कोणालाच काही सांगितलं नव्हतं. मी नंतर सायराला फणकाऱ्याने विचारलं, "मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हाला सांगितलं असतं वैनी, तर दवंडी पिटणाऱ्याचं पोट मारलं असतं," सायरा म्हणाली. तिचा नवरा मस्कतला. पाच वर्षं सासू-सासऱ्यांना सांभाळून तिची जीभ चांगली धारदार झाली आहे.

चंद्रा मूळची खाडीकाठची, मिठागरावरच्या घरातली. जगनशी लग्न करून पेणला आली आणि त्याच्यामागून गणपतीच्या कारखान्यात लागली. तिचं काम घासायचं. साच्यातून मूर्ती निघाली की तिच्या अंगावर सांध्याच्या रेघा असतात, फोड असतात. ते सगळं पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत करायचं, मगच ती रंगाला जाते. रंगवणाऱ्याला नाव मिळतं, घासणारीला धूळ. संध्याकाळी सुटल्यावर रस्त्याने येताना चंद्राचे नुसते डोळे ओळखू यायचे. बाकी सगळी पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखी. मी ओट्यावरून हाक मारायची, "काय गो चंद्रे, आज तुलाच रंग द्यायचा ऱ्हायला वाटतं?" ती हसायची. तेव्हा हसायची.

ही धूळ घशात बसते. ती काढायला कारखान्यातल्या बहुतेक बायका गुळाचा खडा तोंडात ठेवतात. पण चंद्राला ज्या म्हातारीने काम शिकवलं, तिचं म्हणणं वेगळं होतं. गूळ पोराटोरांना. मोठ्या माणसाने घोटभर गावठी घेतली की धूळ सरळ खाली उतरते. चंद्राने ते औषध म्हणून सुरू केलं. खोटं वाटेल, पण पहिली दोन वर्षं ती नाक दाबून, डोळे मिटून, खोकल्याचं औषध घ्यावं तशी प्यायची आणि वर गूळच खायची. मग नाक दाबायचं सुटलं. मग गूळ सुटला. चार वर्षांपूर्वी जगन लिव्हरने गेला, तो तर काही औषध म्हणून पीत नव्हता. त्यानंतर चंद्राला धुळीचं निमित्तही लागेना. कारखाना बंद असला तरी संध्याकाळ व्हायचीच.

एका रविवारी तिने भात गॅसवर ठेवला आणि तशीच आडवी झाली. पातेलं जळून काळं झालं, खोलीत धूर कोंडला. दिपिकाने दार उघडलं, गॅस बंद केला आणि आईच्या तोंडावर तांब्याभर पाणी मारलं. दुसऱ्या दिवशी पोरीने शाळेत बाईंना सगळं सांगून टाकलं. आमच्यापैकी कोणाला नाही सांगितलं, बाईंना सांगितलं. शहाणी पोर. बाईंनीच रोह्याच्या केंद्राचा नंबर दिला, आणि बाईंनीच अलिबागच्या बालकल्याण समितीलाही कळवलं. समितीचं पत्र आलं: आई उपचार घेऊन येईपर्यंत मुलगी सायराकडे राहू शकते, मात्र जुलैअखेर आईने स्वतःचं राहतं घर दाखवावं. नाहीतर मुलीची सोय बालगृहात करण्यात येईल.

आता घर म्हणजे काय, तर हैबतरावांच्या चाळीतली एक खोली. पत्रा, मोरी, एक खिडकी. अकरा महिन्यांच्या करारावर.

हैबतराव म्हणजे निवृत्त तलाठी. माणूस वाईट नाही, पण सावध. मे महिन्यात चंद्राचा करार संपला आणि ते माझ्या ओट्याशी येऊन उभे राहिले. "चंद्री परत येणार आहे का?" त्यांनी विचारलं.

मी लाटणं न थांबवता म्हणाले, "ती कशाला येते! आता डंपरमधनं गाव बघत असंल."

बायका खो खो हसल्या. हैबतराव हसले नाहीत. त्यांनी मान हलवली आणि गेले. आमच्या पेणमध्ये मे-जूनला रिकाम्या खोलीला फार मागणी. कारखान्यात मूर्ती मावत नाहीत, मग मिळेल त्या खोल्या, पडव्या, लग्नाचे हॉलसुद्धा घेतात आणि कच्चे गणपती भरून ठेवतात. हैबतरावांनी चंद्राचं सामान तीन गोणींत भरून जिन्याखाली ठेवलं, आणि तिच्या खोलीत एकशेचाळीस गणपती आले.

हे सगळं जूनच्या अखेरीला उघडं पडलं. रोह्याहून तस्नीम आली, केंद्रातली समुपदेशक. तिशीची मुलगी, खांद्याला बॅग, छत्रीतून पाणी गळतंय. बाईला सोडण्याआधी तिचं घर बघून यायचं असा त्यांचा नियम आहे. तिने खिडकीतून आत डोकावलं. आत जमिनीपासून पत्र्यापर्यंत फळ्या, आणि फळ्यांवर पांढरेफटक, बिनडोळ्यांचे गणपती. ती तशीच माझ्या ओट्यावर येऊन बसली. मी चहा दिला, आणि कोण, कुठली, सगळं काढून घेतलं. ते मला जमतं. त्यातच मला कळलं की चंद्रा कुठे आहे.

"बाई चांगली सावरली आहे," तस्नीम म्हणाली. "पण खोली नसेल तर ती भावाकडे जाणार, खाडीवर. भावाच्या घरामागे भट्टी लागते. औषधं आम्ही देतो, बोलतो, रात्री रडली तर जवळ बसतो. छप्पर नाही देता येत आम्हाला. पहिल्या महिन्यात बाई कुठे झोपते, त्यावरच सगळं असतं हो."

"आणि पोरगी?"

"पोरगी बालगृहात. एकदा गेली की परत आणायला वर्षं जातात."

मी उठले आणि हैबतरावांकडे गेले. म्हटलं, आपलं आपण निस्तरावं. त्यांना सगळं खरं सांगितलं. डंपर नव्हता, ड्रायव्हर नव्हता, ती केंद्रात आहे, पंधरा जुलैला सुटते. हैबतरावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला.

"आज नवीन काय काढलंस गो तू?" ते म्हणाले.

"अहो, खरं सांगतेय!"

"त्या दिवशीही खरंच सांगत होतीस."

पंचवीस वर्षं मी या गल्लीत काय काय सांगितलं, सगळं चटकन खपलं. आयुष्यात एकदा खरं सांगायला गेले, तर गिऱ्हाईक नाही. शेवटी तस्नीमला नेऊन उभं केलं, तिने केंद्राचं ओळखपत्र दाखवलं, तेव्हा कुठे त्यांनी मानलं. पण मानलं म्हणजे फक्त ऐकलं. "दारू सोडली, असं सगळेच सांगतात," ते म्हणाले. "मागच्या खेपेला धूर कोंडला, या खेपेला सिलेंडर फुटला तर चाळीतली सहा घरं जातील. आणि आता देव बसलेत तिथे. देवाला उठवून त्या बाईला बसवू?"

मग तस्नीम आणि मी खोली शोधायला लागलो. पावसात, चिखलात, चार दिवस. आठ खोल्या बघितल्या. खोली असते. मालकीण गोड बोलते, पाणी किती वाजता येतं ते सांगते, मग विचारते, नवरा कुठे असतो. वारला म्हटलं की चेहरा बदलतो. बाई आत्ता कुठे आहे म्हटलं की तस्नीम खोटं बोलत नाही, आणि मग खोली नेमकी कालच कोणाला तरी कबूल केलेली असते. आठव्या दारातून बाहेर पडताना तस्नीम नुसती म्हणाली, "चला." चौथ्या दिवशी तेवढाच शब्द तिच्यात उरला होता.

पंधरा जुलैला चंद्रा रोह्याच्या गाडीने आली. सोबत तस्नीम. अंग भरलं होतं थोडं, हाताचं थरथरणं गेलं होतं, पण चेहरा असा, की कोणीतरी आतून सगळं धुऊन वाळत घातलंय आणि अजून वाळलं नाही. दिपिका धावत गेली नाही. सायराच्या दारात उभी राहून आधी आईच्या चालण्याकडे बघत राहिली, सरळ चालते का ते. मग गेली.

हैबतरावांनी खोलीचं कुलूप काढलं आणि जरा खाकरले. "बघ बाई. देव बसलेत. माझा इलाज नाय."

चंद्रा उंबऱ्यात थांबली. ती भांडेल, रडेल, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, थोडं बघायचंही होतं. तिने हात पुढे केला, खालच्या फळीवरच्या एका गणपतीच्या कानामागून बोट फिरवलं आणि बोटाला लागलेली पांढरी धूळ बघितली.

"हे घासलेलं नाय," ती म्हणाली.

"काय?"

"कोणी घासलंय हे? कानामागं तसंच हाय. सोंडेखाली पण. असा रंग दिला तर पापुद्रा सुटंल." मग हैबतरावांकडे वळून, अगदी दमलेल्या आवाजात, "काका, रंग नाय, डोळे नाय, कोणाच्या घरात पूजा नाय. हे अजून देव नाय झाले. हा माल हाय. मी वीस वर्षं घासते, मला म्हायतीय."

तस्नीमने हे धरून ठेवलं. त्याच दुपारी ती चंद्राला घेऊन, ज्याचे ते गणपती, त्या कारखान्याच्या शेठकडे गेली. जुलैत घासणाऱ्या बाया मिळत नाहीत, ऑर्डरी डोक्यावर असतात. शेठला काय, काम झाल्याशी मतलब. त्याने माणसं पाठवून फळ्या एका अंगाला सरकवल्या, मूर्ती जरा दाटीने लावल्या, आणि मोरीच्या बाजूला दोन चटया पडतील एवढी जागा मोकळी केली. चंद्राने तिथेच राहायचं, तिथेच मूर्ती घासायच्या, पत्रा गळला तर मूर्तींवर प्लास्टिक घालायचं. तस्नीमला हे मनातून पटलं नव्हतं. ज्या धुळीने बाई दारूकडे गेली, त्या धुळीतच तिला झोपवायचं! पण दुसरं काय होतं? तिने ओल्या कापडाची पट्टी तोंडाला बांधायला सांगितलं, दर गुरुवारी रोह्याला यायला सांगितलं, आणि समितीला पत्ता कळवला. समितीने भाड्याचा कागद होईपर्यंत मुदत दिली; तोवर पोरगी कागदावर सायराकडेच.

आता मनवायचे राहिले हैबतराव. त्यांनी अट घातली, आणि ती सगळ्या चाळीसमोर मोठ्याने सांगितली. "मी रोज सकाळी सात वाजता येईन. तोंडाचा वास घेईन. ज्या दिवशी वास आला, त्या दिवशी गोणी जिन्याखाली. गणपतीपर्यंत बघतो. कागद त्यानंतर."

"हे चालणार नाही," तस्नीम भडकली. "माणूस आहे ती."

"येऊ दे त्यांना," चंद्रा म्हणाली आणि गोणी उचलायला लागली.

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या गल्लीला नवा खेळ मिळाला. सकाळी सातला हैबतराव दुधाची पिशवी हातात घेऊन यायचे आणि चंद्राच्या दारात उभे राहायचे.

"चंद्रे?"

"नाय."

"बघू."

ती जवळ जाऊन तोंडाने हा करायची. ते मान हलवून पुढे जायचे. पहिला आठवडा दिपिका त्या वेळी मोरीत जाऊन बसायची, तिला बघवत नसे. मी ओट्यावरून सोडायची नाही. "हैबतराव, मला पण विचारा हो, मी पण तोंड धुतलंय!" सायरा म्हणायची, "वैनी, तुमच्या तोंडाचा वास सगळ्या पेणला ठाऊक हाय."

हसत होतो खरे, पण चंद्राचा एकेक दिवस कसा जात होता ते दिसत होतं. ऑगस्टात काम चढलं. सकाळी शाळेचा डबा, मग फडकं बांधून घासायला बसायचं, दुपारी दिपिका आली की पोळी टाकायची, परत घासायचं. संध्याकाळी घसा खरवडला की ती उठून उंबऱ्यात बसायची. तांब्यातलं पाणी संपवायची, दुसरा तांब्या आणायची. कधी सायरा येऊन शेजारी बसायची, दोघी समोरच्या गटाराकडे बघत. मी एकदा गुळाचा खडा नेऊन दिला. तिने तो हातात फिरवला आणि म्हणाली, "आता याला लई उशीर झाला गो वैनी." पण तोंडात टाकला.

हळूहळू हैबतरावांचं "बघू" बंद झालं. नुसतं "चंद्रे?" आणि "नाय". मग कधी दिपिकाच्या परीक्षेची चौकशी, कधी पत्रा गळतो का. एक-एक करून मूर्ती रंगाला गेल्या, खोली मोठी होत गेली. गणेशचतुर्थीच्या दोन दिवस आधी शेवटची फळी उठली. दिपिकाने त्या मोकळ्या जमिनीवर आडवं पडून हातपाय पसरले आणि बराच वेळ उठली नाही.

विसर्जनाची मिरवणूक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. आमच्याकडे दहा दिवस सोवळं पाळलेले पुरुष त्या दिवशी काय पाळत नाहीत, ते सांगायला नको. गल्लीभर वास होता. सात वाजले, हैबतराव आले नाहीत. सव्वासात झाले. चंद्रा दारात उभी. साडेसातला ती कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. आठला परत. मी ओटा झाडायचं नाटक करत होते. तिच्या हाताला चाळा लागला होता, पदराचं टोक पिळत होती. साडेआठला ती पायात चप्पल न घालता निघाली. कोपऱ्यावरून उजवीकडे गेलं की गुत्ता, डावीकडे हैबतराव. मीही निघाले मागोमाग. सवय.

ती डावीकडे वळली.

हैबतराव तापाने फणफणले होते, गोधडीत गुरफटून खाटेवर. चंद्रा दारातच थांबली.

"काका, आज विचारलं नाय."

"आजारी आहे गो मी. जा घरी."

"विचारा ना."

त्यांनी उशीवरून मान उचलून तिच्याकडे बघितलं. "चंद्रे?" ते म्हणाले.

"नाय," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून ढसाढसा रडली. मी कुंपणाशी उभी होते. बारा बायकांना पुरेल एवढी गोष्ट माझ्या हाताशी होती. मी घरी येऊन पीठ मळलं आणि कोणाला काही सांगितलं नाही. सायराने विचारलं, बरं नाय का वैनी? हेही लिहिते आहे ते चंद्राला विचारून.

सप्टेंबरच्या शेवटी करार करायचा ठरला. हल्ली तो एजंटच्या दुकानात मशीनवर अंगठा देऊन होतो. साक्षीला एक सायरा, एक मी. माझं नाव ऐकून हैबतराव म्हणाले, "हिची साक्ष कोर्टात टिकेल का ते विचारून घ्या आधी." मशीनने सायराचा अंगठा घेतला, माझा घेतला, चंद्राचा घेईना. वीस वर्षं पॉलिश पेपर घासून तिच्या बोटांवरच्या रेषाच पुसट झालेल्या. अंगठा पुसला, ओला केला, तेल लावलं, दुसरं बोट लावलं. एजंट वैतागला. चंद्रा एकेक बोट ठेवत राहिली, जणू कोणीतरी तिला आयुष्यभर असंच ताटकळत ठेवलंय आणि तिला त्याचं नवल नाही. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला मशीन एकदाचं पावलं.

करार झाला. अकरा महिन्यांचा. त्याची प्रत समितीकडे गेली, दिपिका कागदावरही आईकडे आली, आणि सायराच्या घरातली तिची चटई गुंडाळली गेली. चंद्रा अजून घासायलाच जाते, अजून दमून येते, गुरुवारी रोह्याची गाडी पकडते. पुढच्या एप्रिल-मेला खोलीला परत मागणी येईल, ते तिलाही माहीत आहे आणि हैबतरावांनाही.

त्या दिवशी दुकानात, बोट लागल्यानंतर, हैबतरावांनी एक गोष्ट मात्र मागितली होती. एजंटला म्हणाले, एक ओळ आणखी टाका, की भाडेकरू यापुढे कधीही दारू पिणार नाही. ती ओळ करारात नाही. कारण चंद्रा म्हणाली, "खोलीचं अकरा महिन्यांचं लिवा, काका. दारूचं लिवू नका. ते रोजच्या रोज. सकाळी दारात येऊन विचारा."